पाठीवर रान घेऊन फिरलेली बाई

1766 सालचा डिसेंबर. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर रोशफोरच्या बंदरात 'एत्वाल' नावाचं जहाज निघायच्या तयारीत होतं. पोटाने रुंद, चालीने मंद असं हे मालवाहू जहाज. आधीच निघालेल्या 'बुदझ' या युद्धनौकेला दक्षिण अमेरिकेत गाठायचं आणि मग दोन्ही जहाजांनी मिळून पृथ्वीला वळसा घालायचा, असा बेत होता. मोहिमेचा प्रमुख लुई आंत्वान द बूगँव्हिल. 'एत्वाल'वर चढायला आलेला वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिबेर कोमेर्सों इतकं सामान घेऊन आला की ते ठेवायला जागाच पुरेना. कागदांचे गठ्ठे, लाकडी फळ्या, बाटल्या, भिंगं, पेट्या. शेवटी कप्तान ला जिरोदे याने स्वतःची प्रशस्त खोली त्याला देऊन टाकली. त्या खोलीला स्वतंत्र शौचाची सोय होती. कप्तानाने सहज दाखवलेल्या या औदार्याने पुढे दीड वर्ष एक गुपित सांभाळलं.

सरकारी खर्चाने एक नोकर बरोबर नेण्याची कोमेर्सोंला मुभा होती. जहाज सुटायच्या बेताला एक तरुण धक्क्यावर येऊन कामावर रुजू झाला. नाव जाँ बारे, वय सव्वीस, अंगाने मजबूत, बोलायला कमी. जणू दोघांची याआधी गाठभेटच नव्हती. प्रत्यक्षात ती जान बारे होती. गेली काही वर्षं कोमेर्सोंचं घर सांभाळणारी, त्याच्याबरोबर राहणारी, त्याच्या मुलाची आई झालेली. राजाच्या नौदलाच्या जहाजावर बाईने प्रवास करायला कायद्याने बंदी होती. फेब्रुवारी 1767 मध्ये 'एत्वाल'ने किनारा सोडला, तेव्हा शंभराहून अधिक पुरुषांमध्ये ती एकटी स्त्री होती.

जिच्याबद्दल आज आपण खात्रीने म्हणू शकतो की पृथ्वीप्रदक्षिणा करणारी ही पहिली स्त्री, ती कुठल्या राजघराण्यातली नव्हती, व्यापाऱ्याची लेक नव्हती, कप्तानाची बायकोही नव्हती. ती रोजंदारीवर जगणाऱ्या शेतमजुराची मुलगी होती. मला सगळ्यात जास्त थक्क करते ती ही गोष्ट.

बर्गंडी प्रांतात, मोर्व्हाँच्या डोंगराळ भागाच्या कडेला ला कोमेल नावाचं खेडं आहे. तिथे 27 जुलै 1740 रोजी तिचा जन्म झाला. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचा धंदा मजुरी असा लिहिलेला आहे, आणि त्याला सही करता येत नव्हती. आई ती लहान असतानाच गेली. अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये अशा घरातल्या माणसाचं जग किती मोठं असे? आठवडी बाजाराचं गाव, चर्चचा घंटानाद ऐकू येईल तेवढा परिसर, सुगीला जिथे काम मिळेल ती शेतं. बहुतेकांचा जन्म आणि मरण या वर्तुळात होई. हातावर पोट असलेल्या घरात पोरींना लवकर कळायचं की कुठली पानं जनावराला चालतात, कुठली माणसाला, कुठल्या ऋतूत कुठल्या बांधावर काय उगवतं, आणि ओझं पाठीवर कसं घ्यायचं म्हणजे कंबर धरत नाही. याला कुणी शिक्षण म्हणत नव्हतं. पण बापाला जमली नाही ती गोष्टही या मुलीने मिळवली होती. तिला सही करता येत होती.

ला कोमेलपासून वीसेक किलोमीटरवर तूलों-सुर-आरू हे गाव. तिथे कोमेर्सों लग्न करून स्थायिक झाला होता. तो डॉक्टर होता, पण त्याचा जीव वनस्पतींत. मोंपेलिएला शिकत असताना विद्यापीठाच्या बागेतली रोपं न विचारता उपटल्यामुळे त्याला बागेत यायची बंदी झाली होती, इतकं हे वेड. 1762 मध्ये बाळंतपणानंतर त्याची बायको वारली. जान त्याच्या घरी कामाला आली ती याच सुमाराला. घर, लहान मूल आणि छपरापर्यंत रचलेली वाळलेली झाडं, असा तो संसार होता.

1764 मध्ये ती गरोदर राहिली. त्या वेळच्या फ्रान्समध्ये अविवाहित गरोदर बाईला सरकारदरबारी जाऊन तसं जाहीर करावं लागे. 1556 चा राजाचा हुकूम होता. गर्भ लपवला आणि मूल दगावलं, तर आईनेच मारलं असं धरून तिला मृत्युदंड देता येत असे. जानने हा कागद आपल्या गावात केला नाही. ती दूर दिग्वाँला गेली आणि तिथे नोंद केली. बापाचं नाव विचारलं, तिने सांगितलं नाही. त्यानंतर दोघं पॅरिसला निघून गेली. डिसेंबरात मुलगा झाला, त्याला अनाथालयात ठेवलं गेलं आणि तो तान्हेपणीच गेला. या विषयावर तिचा एकही शब्द आपल्याकडे नाही, आणि कल्पनेने तो भरून काढणं मला बरोबर वाटत नाही.

पॅरिसमध्ये कोमेर्सोंची प्रकृती धड नव्हती. पायाची जखम वारंवार चिघळे, छातीचं दुखणं होतं. बूगँव्हिलच्या मोहिमेचं बोलावणं आलं तेव्हा त्याची शुश्रूषा करणारी, संग्रह लावणारी जानच होती. निघण्यापूर्वी, डिसेंबर 1766 मध्ये, त्याने मृत्युपत्र केलं. त्यात जानला 600 लीव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन), वर्षाला 100 लीव्र या दराने थकलेला पगार आणि घरातलं सामान दिलं आहे. म्हणजे सहा वर्षांच्या पगाराएवढी रक्कम. आणखी एक कलम आहे. माझ्या मृत्यूनंतर वर्षभर तिला त्या घरात राहू द्यावं, राजाच्या संग्रहालयाकडे जायचा निसर्गसंग्रह नीट लावायला तेवढा वेळ मिळेल, असा त्याचा आशय. कोमेर्सोंला आपल्या वाळलेल्या झाडांपेक्षा प्रिय असं फार थोडं होतं. ती झाडं ज्या घरात होती, त्या घराची किल्ली त्याने कुणाकडे ठेवली हे या कलमातून दिसतं.

आता जहाजावर येऊ. छातीला घट्ट पट्टे बांधायचे, ढगळ कपडे घालायचे, सगळ्यांच्या आधी उठायचं. कोमेर्सोंला समुद्र लागत असे, पायाचं दुखणं पुन्हा उफाळलं, त्यामुळे 'नोकर' रात्रंदिवस त्याच्या खोलीत असणं सुरुवातीला खटकलं नाही. पण जहाज हे शंभर डोळ्यांचं गाव. कुजबुज सुरू झाली. 'एत्वाल'वरचा शल्यचिकित्सक व्हिव्हेस याने लिहून ठेवलंय की विचारणा झाली तेव्हा तिने आपण खच्ची केलेला पुरुष असल्याचं सांगितलं. प्रश्न विचारणाऱ्या पुरुषांचं तोंड त्या एका उत्तराने बंद झालं. प्रसंगावधान याहून वेगळं काय असतं?

जून 1767 मध्ये जहाज ब्राझीलच्या रिओ दि जानेरोला लागलं. तिथे 'बुदझ'ची भेट झाली. बंदरात वातावरण तणावाचं होतं. 'एत्वाल'च्या धर्मगुरूचा तिथे खून झाला. कोमेर्सोंचा पाय बरा नव्हता. अशा स्थितीत रिओच्या परिसरातून जे नमुने जहाजावर आले त्यात एक काटेरी वेल होती. तिच्या टोकांना झगझगीत रंगाची पानं होती. त्या वेलीचा नमुना वाळवून, टिपणासह कागदावर लावला गेला. कोमेर्सोंने तिला मोहिमेच्या प्रमुखाचं नाव दिलं. 1789 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ आंत्वान लोराँ द ज्युसिय याने ते नाव छापून पक्कं केलं. ही आपली बोगनवेल. पुणे-मुंबई महामार्गाच्या दुभाजकावर, शाळांच्या कुंपणावर, गावातल्या दवाखान्याच्या फाटकावर फुललेली. लंगडणाऱ्या मालकासाठी रानात जाऊन माल आणण्याचा भार जिच्यावर होता, तिच्याच हाताने ती पहिली डहाळी तुटली असावी, असं मानायला भरपूर जागा आहे.

आणि वेल तरी कशी! आपण ज्याला फूल म्हणतो ते फूल नव्हेच. त्या तीन रंगीत पापुद्र्यांच्या आत, प्रत्येकाला चिकटून एक, अशा बारीक पांढुरक्या नळ्या असतात. खरी फुलं ती. रंगीत भाग म्हणजे पानंच, फुलांकडे परागवाहकांना बोलावणारी. त्यांचा रंग जास्वंदीच्या रंगासारखा अँथोसायनिनचा नाही. तो बीटालेन गटातला आहे, म्हणजे बीटाला लाल करणाऱ्या रंगद्रव्यांच्या कुळातला. आपली संध्याकाळी उमलणारी गुलबाक्षी आणि औषधी पुनर्नवा या दोघी तिच्या कुळातल्या बहिणी. हे सगळं नंतर उलगडलं. त्यासाठी आधी कुणीतरी ती डहाळी अशा रीतीने जपायला हवी होती की पॅरिसमधल्या माणसाला ती वीस वर्षांनी तपासता येईल.

ते जपणं म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय जान बारेचं काम कळणार नाही. झाड नुसतं तोडून आणून चालत नाही. फूल, फळ, पान आणि शक्य असेल तर मूळ, सगळं एकाच नमुन्यात हवं. ते ताजं असतानाच कागदावर पसरायचं, एक पान उलटं ठेवायचं म्हणजे मागची बाजू दिसते. वर कागद, त्यावर दुसरा नमुना, असा थर रचून दोन फळ्यांमध्ये दाबायचा. झाडातलं पाणी कागद शोषतो, म्हणून कागद रोज बदलायचे. ओले कागद वाळवून पुन्हा वापरायचे. उन्हाळ्यात वाळवण घालणाऱ्या बाईला हे मर्म लगेच कळेल: एक ढगाळ दिवस आणि एक विसरलेली संध्याकाळ सगळ्या मेहनतीवर बुरशी आणू शकते. इथे तर अंगण म्हणजे समुद्र. हवेत मीठ आणि दमटपणा, तळघरात उंदीर, कागदात कीड, आणि जहाज कायम डोलतंय. शिवाय रंग उडतात, म्हणून फूल कुठल्या रंगाचं होतं, झाड किती उंच होतं, कुठे मिळालं, कोणत्या तारखेला, हे त्याच दिवशी लिहावं लागतं. टिपण नसलेला नमुना म्हणजे गवत.

या प्रवासातून आणि नंतरच्या वर्षांतून सहा हजारांहून अधिक नमुने जमले. ते आज पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयात आहेत, अडीचशे वर्षांनंतरही अभ्यासता येतील अशा अवस्थेत.

डिसेंबर 1767 मध्ये जहाजं मॅगेलनच्या सामुद्रधुनीत शिरली. दक्षिण अमेरिकेचं ते टोक. तिथे उन्हाळा होता, तरी डोंगरावर बर्फ आणि वारा असा की जहाजांना बाहेर पडायला 52 दिवस लागले. काळ्यापांढऱ्या रंगाचा जो देखणा डॉल्फिन आज कोमेर्सोंच्या नावाने ओळखला जातो, तो त्याने याच भागात पाहिला. आणि याच दिवसांबद्दल बूगँव्हिलने जानविषयी सगळ्यात महत्त्वाची साक्ष दिली. 1771 मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात तो सांगतो की सामुद्रधुनीच्या गोठलेल्या डोंगरांवर, बर्फातून, ती प्रत्येक फेरीत कोमेर्सोंच्या मागे होती. शिधा, बंदुका, झाडांचे गठ्ठे पाठीवर घेऊन ती अशा हिमतीने चाले की कोमेर्सों तिला आपलं ओझ्याचं जनावर म्हणत असे.

हा शब्द पहिल्यांदा वाचल्यावर राग येतो. मला आला. पण त्या वाक्यात काय लपलंय ते पाहिलं की दुसरंच चित्र उभं राहतं. बूगँव्हिल हे लिहितोय तेव्हा ती बाई आहे हे त्याला माहीत आहे. दोन्ही जहाजांवर मिळून शेकडो कसलेले खलाशी होते. त्यांच्यासमोर, त्यांच्याइतकंच किंवा जास्त ओझं घेऊन ती बर्फात चढली आणि तिच्या चढण्यात कुणाला काही वेगळं वाटलं नाही. शेतमजुराच्या घरातली पाठ होती ती. पॅरिसच्या सुखवस्तू घरातली एखादी सुशिक्षित बाई पुरुषवेषात आली असती, तर पहिल्या चढावर तिचं गुपित फुटलं असतं. गरिबीने तिला जे कष्ट शिकवले, त्यांनीच तिचं वेषांतर पूर्ण केलं. आणि झाड ओळखून, ते योग्य अवस्थेत तोडून, न चुरगाळता खाली आणणं हे जनावराचं काम नव्हे. पाठीवरच्या ओझ्यात काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे डोक्याने ठरतं.

जानेवारी 1768 अखेर दोन्ही जहाजं प्रशांत महासागरात आली आणि एप्रिलच्या सुरुवातीला ताहिती बेटाला लागली. मुक्काम जेमतेम दहा दिवसांचा, पण युरोपच्या कल्पनेत त्या दहा दिवसांनी घर केलं. बूगँव्हिल सांगतो, झाडं गोळा करायला कोमेर्सोंबरोबर जान किनाऱ्यावर उतरली, आणि ताहितीच्या लोकांनी तिला गराडा घातला. ही बाई आहे, म्हणून ते ओरडू लागले. एका अधिकाऱ्याला मध्ये पडून तिला होडीपर्यंत पोहोचवावं लागलं.

विचार करण्यासारखी गोष्ट आहे. सव्वा वर्ष एकाच जहाजावर राहणाऱ्या माणसांना जे पक्कं कळलं नाही, ते परक्या बेटावरच्या लोकांना पाहताक्षणी कळलं. मला वाटतं, फ्रेंच डोळा माणूस पाहण्याआधी कपडे पाहत होता. विजार म्हणजे पुरुष, झगा म्हणजे बाई. खांद्यावर बंदूक आणि पाठीवर गठ्ठा म्हणजे तर पुरुषच. ताहितीच्या लोकांना विजारीचा हा अर्थ कुणी शिकवलेला नव्हता. त्यांनी चाल पाहिली, हात पाहिले, चेहरा पाहिला.

तिने बूगँव्हिलपुढे डोळ्यांत पाणी आणून कबुली दिली. सांगितलेली हकीकत मात्र तिने विचारपूर्वक रचलेली होती. आपण अनाथ, एका खटल्यात सगळं गमावलं, म्हणून पुरुषवेष घेतला, कोमेर्सोंला रोशफोरच्या धक्क्यावर फसवून नोकरी मिळवली. यातलं फसवल्याचं तर साफ खोटं, पण त्या खोट्याने कोमेर्सों सुटला. दोष सगळा तिने स्वतःवर घेतला. एक गोष्ट मात्र तिने अशी सांगितली की ती मला खरी वाटते. हे जहाज पृथ्वीला वळसा घालणार आहे हे चढतानाच माहीत होतं, आणि त्याच गोष्टीची आपल्याला उत्सुकता वाटली. ला कोमेलच्या मजुराच्या मुलीला जग पाहायचं होतं. बूगँव्हिलने तिच्यावर कारवाई केली नाही. दरबार तिला माफ करेल, कारण असं करणाऱ्या दुसऱ्या कुणी निघणार नाहीत, असा त्याचा हिशेब होता. असं धाडस करणारी ती पहिलीच, हेही त्याने नोंदवलं. पुढे फ्रेंच तत्त्वज्ञ दिदरोने बूगँव्हिलच्या प्रवासावर जो प्रसिद्ध संवाद लिहिला, त्यातही ती येते.

पण व्हिव्हेसची हकीकत वेगळी आहे, आणि ती सांगितली पाहिजे. त्याच्या लिखाणाप्रमाणे प्रकरणाचा निकाल लागला तो जुलै 1768 मध्ये, न्यू आयर्लंड बेटाच्या किनाऱ्यावर. कपडे धुवायला, शिंपले गोळा करायला माणसं उतरली होती. इतर नोकरांनी तिला एकटं गाठून बळाने खात्री करून घेतली. व्हिव्हेस हे थट्टेच्या सुरात लिहितो. त्या सुराखाली जो अत्याचार आहे तो अनेक अभ्यासकांनी ओळखला आहे. त्यानंतरही तिला त्याच जहाजावर, त्याच माणसांत महिनोनमहिने राहायचं होतं. अन्न संपत आलं होतं, माणसं उंदीर आणि चामडं खात होती. ती राहिली, आणि नमुने गोळा होत राहिले.

नोव्हेंबर 1768 मध्ये जहाजं हिंदी महासागरात फ्रेंचांच्या ताब्यातल्या बेटावर आली, म्हणजे आजच्या मॉरिशसवर. कोकणातून मराठी माणसं तिथे मजुरीला गेली ती पुढच्या शतकात. त्या वेळी बेट मादागास्कर आणि आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या कष्टावर चालत होतं. बेटाचा कारभारी प्येर प्वाव्र स्वतः वनस्पतींचा शौकीन. डच लोकांच्या मुठीत असलेली लवंग आणि जायफळ त्यांच्या बेटांवरून रोपं आणून मॉरिशसच्या मातीत रुजवायची, या ध्यासाने तो झपाटलेला होता. त्याने कोमेर्सोंला ठेवून घेतलं. जानही राहिली. 'बुदझ' मार्च 1769 मध्ये फ्रान्सला परतली, बूगँव्हिलचा सत्कार झाला. जिने त्याच्याबरोबर अर्ध्याहून अधिक पृथ्वी ओलांडली ती मात्र प्रदक्षिणा अपुरी ठेवून विषुववृत्ताच्या दक्षिणेला एका बेटावर झाडं वाळवत होती.

ती वर्षं कामाच्या दृष्टीने समृद्ध होती. मॉरिशस, रेयुनियन, आणि 1770 मध्ये मादागास्कर. मादागास्करच्या बहुतेक वनस्पती जगात इतरत्र कुठेच नाहीत अशा, आणि कोमेर्सोंला वेड लागायचं बाकी राहिलं. तिथे एका झुडपाला त्याने तिचं नाव दिलं: बारेशिया. त्या झुडपाची खासियत अशी की एकाच फांदीवर वेगवेगळ्या आकाराची पानं. टिपणात त्याने तिच्या धैर्याची आणि चिकाटीची तारीफ केली, आणि जे रूप वरून दिसतं ते खरं नव्हतं अशा व्यक्तीला हे झाड शोभतं, अशा आशयाचं कारण दिलं. त्याने आयुष्यभर मित्रांची, मोठ्या माणसांची नावं झाडांना वाटली. तिच्या वाट्याला हे एक आलं.

प्वाव्र 1772 मध्ये फ्रान्सला परतला. नव्या कारभाऱ्यांना झाडांची आस्था नव्हती. 13 मार्च 1773 रोजी कोमेर्सों मॉरिशसमध्येच वारला, वय 45. त्यानंतर थोड्याच दिवसांत पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्याला सदस्य म्हणून निवडलं. मृत्यूची बातमी तिथे पोहोचली नव्हती. पेट्या आणि टिपणं पॅरिसला रवाना झाली. त्याच्या हयातीत यातलं जवळपास काही छापलं गेलं नव्हतं, आणि पुढे ज्युसिय, लामार्क यांच्यासारख्या निसर्गशास्त्रज्ञांनी तो खजिना वापरला.

जानपाशी घर नाही, पगार नाही, परतीचे पैसे नाहीत. तिने पोर्ट लुईमध्ये दारूचं दुकान चालवलं. रविवारी, चर्चच्या वेळेत दारू विकल्याबद्दल तिला 50 लीव्र दंड झाल्याची नोंद आहे. मला ही नोंद फार आवडते. जगाच्या दुसऱ्या टोकाला एकटी पडलेली बाई दंड भरण्याइतका गल्ला जमवत होती. 17 मे 1774 रोजी तिने जाँ द्युबेर्ना या फ्रेंच सैनिकाशी लग्न केलं आणि 1775 च्या सुमाराला दोघं फ्रान्सला परतली. तिने फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवला त्या क्षणी इतिहासात पहिल्यांदा एका बाईने पृथ्वीचा पूर्ण वळसा पुरा केला. निघाल्याला आठेक वर्षं झाली होती. बंदरावर कुणी स्वागताला नव्हतं.

पण तिला स्वतःच्या हक्कांची जाण पक्की होती. 1776 मध्ये तिने मृत्युपत्रातले आपले पैसे मिळवले. नवऱ्याच्या मुलखात, दोर्दोन्य भागातल्या एका खेड्यात दोघांनी बस्तान बसवलं. 1785 मध्ये नौदल मंत्रालयाने तिला वर्षाला 200 लीव्र पेन्शन मंजूर केली. ज्या नौदलाच्या जहाजावर पाय ठेवणंच तिच्यासाठी गुन्हा होता, त्याच नौदलाने! मंजुरीच्या कागदावर तिला असामान्य स्त्री म्हटलं आहे, आणि कोमेर्सोंच्या कष्टांत व संकटांत ती बरोबरीची भागीदार होती असं मान्य केलं आहे. सरकारी कागदाने इतकं स्पष्ट बोलणं त्या काळात एखाद्या शेतमजुराच्या मुलीच्या वाट्याला क्वचितच आलं असेल. 5 ऑगस्ट 1807 रोजी ती वारली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी. तोवर फ्रान्समध्ये राज्यक्रांती होऊन गेली होती, राजा गेला होता आणि नेपोलियन सम्राट झाला होता.

राहिला प्रश्न नावाचा. कोमेर्सोंच्या नावाने 70 हून अधिक सजीवांच्या जाती ओळखल्या जातात. बारेशिया मात्र टिकलं नाही. वनस्पतींच्या नावांचा नियम कडक आहे: जे नाव रीतसर आधी छापलं गेलं तेच ग्राह्य. कोमेर्सोंने बारेशिया हातानेच लिहून ठेवलं होतं, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1771 मध्ये त्या वंशाला तुरिया हे नाव छापून टाकलं होतं. त्यामुळे जानचं नाव टिपणवहीत राहून गेलं.

2012 मध्ये एरिक टेप, ग्लिनिस रिडली आणि लिन बोह्स या अभ्यासकांनी दक्षिण इक्वेडोर आणि उत्तर पेरूमधल्या एका वेलीचं वर्णन प्रसिद्ध केलं. बटाटा, टोमॅटो, वांगं यांच्याच सोलॅनम वंशातली ही वेल. तिची पानंही एकसारखी नाहीत; कुठे अखंड, कुठे अनेक पर्णिकांमध्ये विभागलेली. मादागास्करच्या त्या झुडपाची आठवण ठेवून त्यांनी तिला सोलॅनम बारेतिए असं नाव दिलं. पेरूच्या किनाऱ्यावर जानचं पाऊल कधी पडलं नव्हतं. तिचं जहाज सामुद्रधुनीतून थेट पश्चिमेला गेलं होतं. प्लूटोवरच्या एका पर्वतरांगेलाही आता बारे हे नाव आहे. ज्या नियमाने बारेशिया पुसलं तोच नियम आता तिच्या बाजूचा आहे. पुढे कुणी अभ्यासकाने ही वेल सोलॅनममधून काढून दुसऱ्या वंशात घातली, तरी पहिला शब्द बदलेल, दुसरा सहसा तसाच राहील, आणि त्या वेलीचं शास्त्रीय नाव घेणाऱ्याला बारेचं नाव घ्यावं लागेल.